दुभाष्यांची साखळी: ‘प्रिंट’ म्हटल्यापासून कागदापर्यंत

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक जुना लॅपटॉप आणि तितकाच जुना लेझर प्रिंटर आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे. पाण्याच्या टाक्या धुवायच्या होत्या, त्याची सूचना लावायची म्हणून मी ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप केली आणि टर्मिनलवरून थेट छपाईला पाठवली. कागद बाहेर आला तो बघवेना. ‘पाण्याच्या’ या शब्दात पाय मोडलेला ण एका बाजूला आणि य दुसऱ्या बाजूला पडला होता. ‘दिवशी’मधली पहिली वेलांटी ‘द’च्या आधी यायची ती त्याच्यामागून येऊन ‘व’ला चिकटली होती. सेक्रेटरींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “अहो, या प्रिंटरला मराठी येत नाही. नवा घ्यावा लागेल.”

मग तोच मजकूर मी ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला, त्याची पीडीएफ केली आणि ती त्याच प्रिंटरला पाठवली. या वेळी प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी, शिरोरेषा अखंड, वेलांटी जिथे हवी तिथेच.

प्रिंटर तोच, केबल तीच, मजकूरही अक्षरशः तोच. सेक्रेटरींचं म्हणणं एका अर्थाने खरं होतं, प्रिंटरला मराठी येत नाही. पण त्याला इंग्रजीही येत नाही. कागदावर कुठे काळा ठिपका टाकायचा आणि कुठे नाही, एवढंच त्याला कळतं. म्हणजे वेलांटी घसरली ती प्रिंटरच्या अलीकडे, लॅपटॉपच्या पोटात कुठेतरी. ‘प्रिंट’ म्हटल्यापासून कागद बाहेर येईपर्यंत त्या पोटात काय चालतं ते मी तेव्हा टप्प्याटप्प्याने पाहत गेलो. ते पाहण्यासारखं आहे, आणि ज्याला रोज मराठी छापायचं असतं त्याने तर पाहावंच.

लिनक्सवर आणि मॅकवर छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा बघते. मायकेल स्वीट यांनी तिचं काम १९९७ मध्ये सुरू केलं आणि १९९९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. २००२ मध्ये ॲपलने ती मॅकमध्ये घेतली, पुढे २००७ मध्ये तिचा सोर्स कोडच विकत घेतला आणि स्वीट यांनाही नोकरीवर घेतलं. २०१९ च्या अखेरीस ते तिथून बाहेर पडले आणि २०२० पासून ओपनप्रिंटिंग हा प्रकल्प तिची वेगळी आवृत्ती काढून निगा राखतो आहे. या यंत्रणेचा कणा म्हणजे तिचे फिल्टर. फिल्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते, आणि तिथेच समजुतीचा घोटाळा सुरू होतो, कारण इथे काहीच गाळलं जात नाही. युनिक्सच्या बोलीत फिल्टर म्हणजे एका बाजूने वाचणारा आणि दुसऱ्या बाजूने लिहिणारा लहानसा प्रोग्राम. छपाईच्या कामात त्याला दुभाषी म्हटलेलं जास्त शोभेल. प्रत्येकाला नेमक्या दोन भाषा येतात. त्या दोन्हींच्या पलीकडचं त्याला काही ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नसते.

माझी सूचना कप्सच्या हाती पडल्यावर आधी एका फोल्डरमध्ये जपून ठेवली गेली. डी हे अक्षर आणि पुढे कामाचा क्रमांक असं तिचं नाव. शेजारी सी अक्षराने सुरू होणारी आणखी एक फाइल, तिच्यात कामाचा तपशील: पाठवणारा कोण, प्रती किती, कागद कोणता. इथपर्यंत रूपांतर काहीच नाही, फक्त नोंद.

त्यानंतरचा प्रश्न असा की ही फाइल आहे कोणत्या प्रकारची? कप्सकडे त्यासाठी नियमांची एक यादी असते. तिच्यात फाइलच्या नावाचं शेपूट बघितलं जातं आणि पोटातले सुरुवातीचे बाइटही तपासले जातात. टक्क्याच्या चिन्हापुढे पीडीएफ ही तीन अक्षरं दिसली की ती पीडीएफ. टक्क्यापुढे उद्गारचिन्ह दिसलं की पोस्टस्क्रिप्ट. साध्या मजकुराचा नियम मला विशेष वाटला. पहिले १,०२४ बाइट तपासायचे, आणि ते सगळे ‘छापता येण्याजोगे’ असले तर फाइल साधा मजकूर. छापता येण्याजोगे म्हणजे ३२ ते १२६ आणि १२८ ते २५४ या दरम्यानचे, शिवाय मोकळ्या जागा आणि ओळ बदलण्याच्या खुणा. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि ते तिन्ही या दुसऱ्या पट्ट्यात बसतात. ‘क’चे बाइट २२४, १६४ आणि १४९. म्हणजे माझी सूचना या परीक्षेत सहज उत्तीर्ण झाली. कप्सने शिक्का मारला: साधा मजकूर. तो मजकूर कोणत्या लिपीत आहे हा प्रश्न यादीत नव्हताच. पुढे जे बिघडलं त्याचं बीज इथे आहे.

प्रकार ओळखण्याचं हे पाऊल चुकवलं तर काय होतं ते मी एका कचेरीत पाहिलं आहे. तिथे कुणीतरी प्रिंटरची रांग ‘रॉ’ म्हणून नोंदवली होती, म्हणजे आलेली फाइल जशीच्या तशी प्रिंटरकडे ढकलायची, मध्ये दुभाषी नको. एका प्रोग्रामने तिथे पोस्टस्क्रिप्ट पाठवलं. प्रिंटरला ती भाषा येत नव्हती, त्याने ती मजकूर समजून छापायला घेतली. पहिल्या पानाच्या माथ्यावर टक्का, उद्गारचिन्ह आणि पीएस ही अक्षरं, खाली कंसांची आणि आकड्यांची रांग, आणि अशी पानामागून पानं. ट्रे रिकामा होईपर्यंत ते थांबलं नाही. प्रिंटर बिघडला म्हणून तंत्रज्ञाला बोलावणं गेलं होतं. प्रिंटर ठणठणीत होता. त्याच्यासमोर परकी भाषा बोलली गेली होती, इतकंच.

प्रकार कळला की मार्ग शोधायचा. कप्सकडे दुसरी एक यादी असते, तिच्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी: कोणत्या प्रकारातून, कोणत्या प्रकारात, किती खर्चात, आणि कोणता प्रोग्राम ते करतो. खर्च म्हणजे पैसे नव्हेत, ० ते १०० मधला एक आकडा. काम किती जड आणि त्यात मूळचं किती हरवतं याचा तो अंदाज. आमच्या लॅपटॉपवर साध्या मजकुरातून पीडीएफ करायचा खर्च ३२, पीडीएफची पानं लावायचा ६६, आणि त्या पानांचे ठिपके करायचा ९९ आहे. शेवटचा दुवा प्रिंटरच्या वर्णनपत्रिकेत सापडतो. तिला पीपीडी म्हणतात. मुळात अडोबीने पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरांसाठी काढलेला हा प्रकार. कप्सने त्यात एका ओळीची भर घातली: या प्रिंटरला ठिपके द्यायचे असतील तर अमुक फिल्टरमार्फत द्या. आता सुरुवात ठाऊक, शेवट ठाऊक. मधले दुवे जोडून ज्या वाटेच्या खर्चाची बेरीज सगळ्यात कमी ती वाट कप्स निवडतं. गावाला थेट एसटी नसली की आपण कुठे गाडी बदलायची याचा हिशेब करतो, तसाच हा. माझ्या सूचनेसाठी निघालेली वाट अशी: मजकुरातून पीडीएफ, पीडीएफमधून लावलेली पानं, पानांतून ठिपके, ठिपक्यांतून प्रिंटरची बोली.

या चार दुभाष्यांनी एकामागून एक काम करायचं असं आपण गृहीत धरतो. पहिला पूर्ण करेल, फाइल ठेवेल, मग दुसरा उचलेल. तसं होत नाही. कप्स चौघांनाही एकदमच कामाला लावतं आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला जोडून देतं. या जोडणीला पाइप म्हणतात. प्रोग्राम बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे एकमेकांना जोडता यावेत ही कल्पना डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली होती. युनिक्समध्ये ती १९७३ मध्ये प्रत्यक्षात आली. लिनक्सवर अशा एका नळीत साधारणपणे ६४ किलोबाइट मावतात, आणि याचा एक सुंदर परिणाम होतो. समजा प्रिंटरमधला कागद संपला. प्रिंटरला बाइट पोचवणारा शेवटचा प्रोग्राम थांबतो. त्याच्या मागची नळी ६४ किलोबाइटला भरते, मग तिच्यात लिहिणारा फिल्टर आपोआप थांबतो. त्याच्यामागची नळी भरते, तोही थांबतो. असं करत सगळी साखळी शांतपणे उभी राहते. कुणी कुणाला ‘थांब’ म्हणत नाही. कागद घातला की पुढची नळी रिकामी होऊ लागते आणि सगळे जिथे होते तिथूनच पुढे चालू लागतात. मला संगणकातली ही योजना फार आवडते, कारण सगळ्यांना थांबवणारा कुणी मुकादम तिच्यात लागत नाही.

प्रत्येक फिल्टरला सुरू करताना कप्स ठरलेल्या क्रमाने गोष्टी सांगतं: कामाचा क्रमांक, वापरणाऱ्याचं नाव, कामाचं शीर्षक, प्रतींची संख्या, बाकीचे पर्याय, आणि फाइलचं नाव. फाइलचं नाव पहिल्याच फिल्टरला लागतं. पुढच्यांना ते मिळत नाही, त्यांनी नळीतून येईल ते वाचायचं. तयार माल एका वाटेने पुढे जातो आणि तक्रारी-निरोप दुसऱ्या वाटेने कप्सकडे जातात. निरोपाच्या ओळीची सुरुवातही ठरलेली: ‘एरर’ म्हटलं तर चूक, ‘डीबग’ म्हटलं तर फक्त माहितीसाठी, ‘पेज’ म्हटलं तर अमुक पान झालं. छपाईच्या खिडकीत आपल्याला पानांचा आकडा सरकताना दिसतो, तो बहुधा अशाच एखाद्या ओळीतून आलेला असतो. या दोन वाटा वेगळ्या ठेवल्या नसत्या तर एखाद्या फिल्टरची तक्रार सूचनेच्या मध्येच छापून आली असती.

प्रतींची गोष्ट जरा नाजूक आहे. तीन प्रती मागितल्या तर त्या कुणी करायच्या? पानं लावणारा फिल्टर करू शकतो, ठिपक्यांवरून प्रिंटरची बोली लिहिणारा करू शकतो, खुद्द प्रिंटरही करू शकतो. दोघांनी आपापली जबाबदारी समजून प्रत्येकी तीन केल्या तर नऊ कागद बाहेर येतात. हा दोष वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रूपांत डोकं वर काढत आला आहे, कारण तो एकाही फिल्टरच्या आत नसतो. तो दोन फिल्टरांच्या मधल्या कराराचा असतो.

आता पहिल्या दुभाष्याकडे येऊ, कारण आमची वेलांटी त्याच्याच हातून पडली. त्याचं काम मजकुरातून पीडीएफ करणं. त्याच्या मनातला कागद टंकलेखन यंत्राचा आहे: ठरावीक अंतरावर घरं, एका घरात एक अक्षर, ओळ संपली की खाली. इंग्रजीला हे पुरतं. देवनागरीला पुरत नाही. आपण ‘दि’ म्हणतो ते एक अक्षर आहे, पण फाइलीत ते दोन क्रमांकांनी साठवलेलं असतं: आधी ‘द’, मग ऱ्हस्व वेलांटी. बोलण्याच्या क्रमाने साठवायचं, दाखवताना वेलांटी उचलून आधी ठेवायची. ‘ण्या’ म्हणजे ण, पाय मोडण्याची खूण, य आणि काना असे चार क्रमांक. त्यातल्या पहिल्या दोघांना मिळून अर्ध्या ण-चं रूप द्यायचं आणि ते य-ला भिडवायचं. क्रमांकांवरून आकार ठरवण्याच्या या कामाला शेपिंग म्हणतात, आणि आज मुक्त सॉफ्टवेअरच्या दुनियेत ते बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचं लायब्ररी सॉफ्टवेअर करतं. आपला पहिला दुभाषी त्याला विचारतच नाही. तो एक क्रमांक घेतो, फॉन्टमधला त्याचा आकार काढतो, घरात ठेवतो आणि पुढचा क्रमांक घेतो. खिळे जुळवणाऱ्या नवख्या पोऱ्याने हस्तलिखितातली प्रत्येक खूण उचलून ओळीने लावत जावी आणि अर्ध्या ण-चा वेगळा खिळा केसमध्ये असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसावं, तसं हे काम होतं. आणि फॉन्टमध्ये देवनागरीच नसली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात.

ऑफिस सॉफ्टवेअरमधून निघालेल्या पीडीएफचं मात्र शेपिंग फाइल बनण्याच्या आधीच झालेलं असतं. पीडीएफमध्ये ‘ण, पाय मोडणे, य’ असं लिहिलेलं नसतं. तिथे असतं ते असं: सोबत जोडलेल्या फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा आकार अमुक जागी ठेव. अर्ध्या ण-चा आकार आधीच निवडलेला, वेलांटी आधीच पुढे आणलेली, आणि लागणारे आकार फाइलीतच बांधून दिलेले. पुढच्या कुणाला मराठी यायची गरजच उरत नाही. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा पुष्कळदा चुथडा होतो, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. त्याचं मूळही इथेच आहे. पीडीएफ आकार जपते. आकारांवरून पुन्हा मूळ क्रमांकांकडे यायची वाट तिच्यात वेगळी लिहून ठेवावी लागते, आणि ती अनेकदा अर्धवट लिहिलेली असते.

दुसरा दुभाषी पीडीएफ घेतो आणि पीडीएफच देतो. मग त्याचं काम काय, असं वाटेल. छापखान्यात वावरलेल्या माणसाला ते एका शब्दात कळेल: तो फर्मा लावतो. निवडक पानंच छापायची, एका कागदावर दोन किंवा चार पानं बसवायची, क्रम उलटा करायचा, पुस्तिका करायची, हे सगळं त्याच्याकडे. आठ पानांची पुस्तिका असेल तर पहिल्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि १, पाठीमागे २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, पाठीमागे ४ आणि ५. दुमडून एकात एक घातले की पानं ओळीने वाचता येतात. मशीनवर फर्मा चढवण्याआधी जाणती माणसं कागदाची घडी घालून, पेन्सिलीने आकडे टाकून हीच खात्री करत. हा फिल्टर अक्षरांना हात लावत नाही, पानं फक्त हलवतो. पूर्वी ही मधली भाषा पोस्टस्क्रिप्ट होती. १९८४ मध्ये आलेली ती भाषा म्हणजे खरं तर पूर्ण प्रोग्राम असे, आणि पाचवं पान कुठे सुरू होतं हे ठरवायला कधीकधी आधीची चार चालवून पाहावी लागत. पीडीएफमध्ये पानं वेगवेगळी नोंदलेली असतात. २००६ मध्ये लिनक्सवरच्या छपाईची मधली भाषा पीडीएफ करायचं ठरलं, आणि माझ्या मते या क्षेत्रातला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

तिसऱ्याचं काम सर्वांत अवजड. तो पानाचे ठिपके करतो. आमच्याकडे हे घोस्टस्क्रिप्ट करतं, १९८८ पासून चालत आलेला प्रोग्राम. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. इंचाला ६०० ठिपके धरले तर आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके, म्हणजे सुमारे ३ कोटी ४८ लाख. नुसतं काळं-पांढरं असेल तर एका ठिपक्याला एक बिट, तरी पानाचे साडेत्रेचाळीस लाख बाइट होतात. रंगीत असेल आणि दर ठिपक्याला तीन बाइट दिले तर १० कोटी ४४ लाख. माझी मूळ सूचना दोन हजार बाइटांचीही नव्हती. म्हणून हा फिल्टर पानाचा गठ्ठा एकदम पुढे सरकवत नाही. आधी १,७९६ बाइटची एक चिठ्ठी पाठवतो, तिच्यात रुंदी किती, उंची किती, रंग कोणते एवढं लिहिलेलं. मागोमाग ठिपक्यांची एकेक ओळ पाठवत राहतो. काळ्या-पांढऱ्या पानाची एक ओळ ६२० बाइटची.

याच टप्प्यावर अक्षर खरं अक्षर होतं. १२ पॉइंटच्या अक्षराला इंचाचा सहावा भाग मिळतो, म्हणजे इथे १०० ठिपक्यांची उंची. त्यात शिरोरेषा साधारण सहा-सात ठिपके जाड. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी काढली जाते, आणि दोन अक्षरांच्या रेषा नेमक्या टोकाला टोक भिडवल्या तर ठिपके मोजताना होणाऱ्या पूर्णांकाच्या गोंधळात मध्ये एखादा पांढरा ठिपका राहू शकतो. म्हणून फॉन्ट काढणारे शिरोरेषा अक्षराच्या हद्दीबाहेर किंचित ओढून ठेवतात, म्हणजे शेजारच्या रेषेवर ती थोडी चढते. आमच्या सूचनेच्या चांगल्या कागदावर मी भिंग धरून पाहिलं. ‘टाक्यांची’वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होती. राखाडी छटा असेल तर तिचे काळे-पांढरे ठिपके विखरून फसवी छटा उभी करायची, हे कामही इथे किंवा पुढच्या टप्प्यात होतं.

चौथा दुभाषी ठिपक्यांवरून त्या-त्या प्रिंटरची बोली लिहितो. बोली किती वेगवेगळ्या असतात ते बघायचं असेल तर डॉट मॅट्रिक्स घ्या. दुकानाच्या काउंटरवर करकर करत पावती काढणारा तो प्रिंटर. त्याला चित्र छापायला सांगताना एक बाइट म्हणजे आठ सुयांची उभी रांग. २५५ म्हटलं की आठही सुया एकदम फितीवर आपटतात, १२८ म्हटलं की एकच. लेझरचं तंत्र निराळं. त्यात कागद एकदा फिरू लागला की पानाच्या मध्ये थांबवता येत नाही, म्हणून ठिपके वेळेत पोचले पाहिजेत. त्यासाठी ते दाबून, आटवून पाठवावे लागतात. आपल्याकडच्या लहान कार्यालयांत दिसणारे अनेक स्वस्त लेझर प्रिंटर याच जातीचे. त्यांच्यात स्वतःची अक्कल जवळपास नसते, सगळा विचार संगणकाने करून द्यायचा. एचपी लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलला तर दर वेळी चालू केल्यावर त्याचं स्वतःचं फर्मवेअरसुद्धा संगणकाने पाठवावं लागतं. फिल्टर नसेल तर असा प्रिंटर म्हणजे मोटार लावलेला डबा.

साखळीच्या टोकाला बॅकएंड नावाचा हमाल असतो. यूएसबीने, नेटवर्कने, जसा प्रिंटर जोडला असेल तसे तो बाइट पोचवतो. त्यांचा अर्थ तो बघत नाही.

अलीकडे ही साखळी आखूड होते आहे. २०१० मधलं एअरप्रिंट आणि त्यानंतरचं आयपीपी एव्हरीव्हेअर या छपाईच्या ठरलेल्या पद्धतींमुळे नवे प्रिंटर ठरलेल्या स्वरूपातले ठिपके, आणि त्यातले पुष्कळ थेट पीडीएफही घेतात. म्हणजे शेवटचा दुभाषी प्रिंटरच्या आत जाऊन बसला. कप्सच्या पुढच्या पिढीतून पीपीडी आणि जुने ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलं आहे. त्यामागे सोयीइतकंच सुरक्षेचंही कारण आहे. फिल्टर म्हणजे अखेर आपल्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकाने दाखवून दिलं की नेटवर्कवरून खोट्या प्रिंटरची जाहिरात करून त्याच्या पीपीडीत हवी ती आज्ञा घुसडता येते, आणि कुणी त्या प्रिंटरवर काही छापायला गेलं की फूमॅटिक-रिप हा फिल्टर ती आज्ञा चालवतो. सुधारणा लगेच आल्या. ज्यांनी अजून घेतल्या नसतील त्यांनी घ्याव्यात.

पण आमच्या सूचनेचं काय? प्रत्येक वेळी पीडीएफ करत बसायचं नसेल तर दोष होता तिथेच दुरुस्त करायला हवा, म्हणजे पहिला दुभाषी बदलायला हवा. पॅप्स नावाचा एक प्रोग्राम आहे. तो मजकूर घेतो, पँगोकडून शेपिंग करवून घेतो (पँगो पुढे हार्फबझलाच विचारतं) आणि पीडीएफ देतो. मी दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली: फाइलचं नाव मिळालं तर ती वाच, नाहीतर नळीतून येईल ते वाच, पॅप्सला दे, निघेल ते पुढे पाठव. ती फिल्टरांच्या फोल्डरमध्ये ठेवली आणि यादीत एक ओळ वाढवली: साध्या मजकुरातून पीडीएफ, खर्च १०. जुन्याचा खर्च ३२ होता. दोन सारख्या वाटांमध्ये कमी खर्चाची घ्यायची हा कप्सचा स्वभावच, त्यामुळे जुना फिल्टर काढायचीही गरज नव्हती.

पहिल्यांदा काहीच छापलं गेलं नाही. लॉगची पातळी ‘डीबग’वर नेली तेव्हा कारण स्पष्ट लिहिलेलं सापडलं: स्क्रिप्टच्या परवानग्या सैल होत्या. मालक रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य वापरकर्ता, नसेल किंवा भलत्याला त्या फाइलीत लिहिता येत असेल तर कप्स तो फिल्टर चालवतच नाही, आणि ते योग्यच आहे. परवानग्या आवळल्या. दुसऱ्यांदा कागद आला, पण त्यावर चौकोनच चौकोन. याचं कारण शोधायला मला संध्याकाळ लागली. फिल्टर माझ्या नावाने चालत नाहीत, एलपी नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात, आणि मराठी फॉन्ट मी माझ्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. मला ते दिसत होते, एलपीला नाही. फॉन्ट सर्वांसाठीच्या फोल्डरमध्ये हलवले.

तिसऱ्या कागदावर ‘दिवशी’ची वेलांटी ‘द’च्या आधी होती आणि ‘पाण्याच्या’मधला ण य-ला बिलगला होता. सेक्रेटरींनी तो काहीही न बोलता जिन्याखालच्या फळ्यावर लावला. तेव्हापासून ऑफिसातली प्रत्येक साधी फाइल त्याच वाटेने जाते. पानं लावणारा, ठिपके करणारा आणि प्रिंटरची बोली लिहिणारा हे तिघे पूर्वीसारखंच काम करतात. त्यांच्या आधीचा बदलला आहे हे त्यांना ठाऊकही नाही.